पुराच्या दिवसांतील छावणी : तेथे काय आढळेल व बरोबर काय न्यावे

कृष्णा, वारणा व पंचगंगा ह्या नद्यांच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्यास पूर हा काही नवा पाहुणा नाही. नदीने पिढ्यान्‌पिढ्या आणून टाकलेल्या गाळावरच आपली जमीन पोसली आहे, व त्याच गाळाच्या जोरावर आपला ऊस उभा आहे. परंतु २००५, २०१९ व २०२१ ह्या तीन सालांनी आपणांस असे दाखवून दिले की, नदी आता आपल्या जुन्या हद्दीत राहीलच असा भरवसा धरता येत नाही. ह्या तिन्ही सालांत सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांस राहते घर सोडून शाळा, मंगल कार्यालये व मठ यांच्या आश्रयास जावे लागले. आमच्या मासिकांतून बियाणे, खते व पाणी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु घराला कुलूप लावून निघण्याची वेळ आली तर शेतकऱ्याने काय करावे, ह्याविषयी लिहिलेले फारसे आढळत नाही. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत असता २००५ व २०१९ ह्या दोन्ही पुरांत छावणीचे नोंदणीपुस्तक सांभाळण्याचे काम आमच्याकडे आले होते. त्यावेळी जे पाहिले व ज्या चुका झाल्या, त्यांवरून वाचकांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी येथे सांगण्याचे योजिले आहे.

१. निघण्याची वेळ

आपल्याकडील मोठे पूर बहुधा पुष्य व आश्लेषा ह्या नक्षत्रांत, म्हणजे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येतात. ज्यास आपण म्हातारा पाऊस व आसळकाचा पाऊस म्हणतो, तेच हे दिवस. हा पूर डोंगरातील ओढ्याप्रमाणे एकदम अंगावर येत नाही. तो बोटाबोटाने व वितीवितीने चढतो, आणि ह्याच कारणाने फसवितो. घरधनी उंबऱ्याकडे पाहत बसतो. उंबरा कोरडा असतो. पण तेवढ्यात गावाबाहेरच्या ओढ्यावरील मोरी पाण्याखाली जाऊन गावाचे बेट झालेले असते. सबब घरात पाणी शिरण्याची वाट पाहणे हा हिशेबच चुकीचा आहे. पाणी प्रथम रस्त्यावर येते व मग घरात येते, हे ध्यानात ठेवावे.

कोल्हापुराजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरलेली आहे. सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेले, आणि आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर. आपल्या गावचा रस्ता ह्यांपैकी कितव्या फुटास बंद होतो, हा आकडा प्रत्येक घरात पाठ असला पाहिजे. तो ठाऊक नसल्यास गावातील वडीलधाऱ्यांस विचारून घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरले म्हणजे ते आपोआप उघडतात, कोणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. ती वार्ता कानी येताच गाठोडे बांधावयास घ्यावे.

२०१९ साली एका गावात आम्ही गाव रिकामे करण्याच्या सूचना घेऊन गेलो असता, एका वयोवृद्ध शेतकऱ्याने आम्हांस आपल्या सोप्यातील खांबावरची रेघ दाखविली. २००५ चे पाणी तेथपर्यंत आले होते. ते म्हणाले, “भाऊसाहेब, ह्या रेघेच्या वर आमच्या आज्यानेही पाणी पाहिले नाही. तुम्ही बाकीच्यांची काळजी करा.” आम्ही वयाचा मान राखून अधिक आग्रह केला नाही, ह्याची रुखरुख आम्हांस अद्यापि आहे. तिसऱ्या दिवशी पाणी त्या रेघेच्या वर कमरेइतके चढले. सारे कुटुंब माळ्यावरून नावेत उतरले व सुखरूप आले. गोठ्यातील तीन म्हशींस मात्र नावेत घेता येईना. एकीचे दावे त्यांच्या नातवाने विळ्याने कापले. ती पोहत उंचवट्यास लागली व पुढे सापडली. उरलेल्या दोघी दावणीलाच गेल्या. त्या गृहस्थांनी छावणीत दोन दिवस अन्नास हात लावला नाही.

ह्यावरून आम्ही जो नियम काढला तो असा : शेतकऱ्याने निघण्याची वेळ माणसांवरून ठरवू नये, गुरांवरून ठरवावी. माणसास शेवटच्या घटकेस नाव मिळू शकते. म्हशीस मिळत नाही. गुरे आपल्या पायांनी कोरड्या रस्त्यावरून चालत जातील तोवरच निघण्याची खरी वेळ असते. शिवाय नाव म्हणजे सुरक्षितताच, असेही नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची नाव उलटून कित्येकांचे प्राण गेले, ही गोष्ट आपल्या भागात कोणीही विसरलेला नाही. जो आधी निघतो त्यास नावेची गरजच पडत नाही.

२. गुरांची तजवीज

बहुतेक छावण्यांत माणसांची सोय एका ठिकाणी व गुरांची दुसऱ्या ठिकाणी असते; कित्येकदा गुरांची सोय पहिले दोन दिवस मुळीच नसते. सबब उंचावरील गावी कोणी सोयरा असेल तर पावसाळ्यापूर्वीच त्याच्याशी बोलून ठेवावे. मोठ्या जनावरास दिवसाला निदान ६ ते ७ किलो सुकी वैरण लागते, म्हणून दर जनावरामागे तीन दिवसांची, सुमारे २० किलो, कडब्याची कुट्टी पोत्यांत भरून तयार असावी. पेंड, एक बादली व जादा दावे बरोबर घ्यावे. म्हशीस दिवसाला ४० लिटरांहून अधिक पाणी लागते; पुराचे गढूळ पाणी तिला पाजू नये.

घटसर्प, फऱ्या व लाळ्या-खुरकूत ह्यांच्या लसी मृगापूर्वीच टोचून घ्याव्या. अनेक गावची गुरे एका आवारात आली म्हणजे रोग एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर जाण्यास वेळ लागत नाही. जनावराच्या कानातील बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो. तो वहीत उतरून घ्यावा व जनावराचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे नुकसानीची मागणी करताना ह्या दोन गोष्टींचा फार उपयोग होतो.

आणि नाइलाजाने जनावर मागे ठेवण्याची वेळ आलीच, तर त्यास बांधून ठेवू नये. दावे सोडावे, गोठ्याचे दार उघडे टाकावे. मोकळे जनावर स्वतःची वाट शोधते. बांधलेल्यास ती संधीच राहत नाही.

३. घर बंद करताना

विजेची मुख्य कळ बंद करावी, गॅसची टाकी बंद करून बांधून ठेवावी. बियाणे व खताची पोती माळ्यावर चढवावी. कीटकनाशकांच्या बाटल्या सर्वांत उंच जागी ठेवाव्या. त्या पाण्यात फुटल्या तर विहीर व गोठा दोन्ही नासतात. नदीवरील पाण्याची मोटार पुष्य लागण्यापूर्वीच काढून घ्यावी. चढत्या पाण्यात मोटार काढावयास कोणीही उतरू नये. मोटार पुन्हा घेता येते.

घर राखण्यासाठी एक माणूस मागे ठेवण्याची चाल आपल्याकडे आहे. चोरीची भीती खोटी नव्हे, परंतु ह्या चालीने पुढे त्या एका माणसासाठी दहा माणसांस पाण्यात जावे लागते. मौल्यवान चीजवस्तू आधीच बँकेत अथवा खात्रीच्या सोयऱ्याकडे ठेवावी, व कुलूप लावून सर्वांनी निघावे.

४. बरोबर काय न्यावे

छावणीत नोंदणीच्या मेजापाशी बसून आम्ही पाहिले की, लोक दोन प्रकारचे येतात. एक, नेसत्या वस्त्रानिशी येणारे. व दुसरे, दूरदर्शन संच व गाद्या घेऊन येणारे, पण रक्तदाबाची गोळी घरी विसरलेले. दोघांचीही सारखीच अडचण होते. उचलून अर्धा मैल चालता येईल इतकेच सामान न्यावे. ते येणेप्रमाणे :

कागदपत्रे : आधार कार्डे, शिधापत्रिका, बँकेची पासबुके, सातबारा व आठ-अ चे उतारे, विम्याचे कागद, मुलांचे शाळेचे दाखले. ही सर्व दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकात एक घालून तोंड घट्ट बांधावे, व ती पिशवी घरातील एकाच जबाबदार माणसाच्या अंगावर असावी. कागदांची छायाचित्रे मोबाईलमध्ये काढून परगावच्या नातेवाइकास पाठवून ठेवावी.

औषधे : रोज घ्यावयाची औषधे निदान १५ दिवसांची, व डॉक्टरांची चिठ्ठी. चष्मा, दातांची कवळी व काठी ह्या वस्तू म्हातारी माणसे हटकून विसरतात. त्यांची आठवण दुसऱ्याने ठेवावी.

पांघरूण व कपडे : माणशी एक घोंगडी किंवा चादर, अंथरण्यास ताडपत्रीचा तुकडा, कपड्यांचे दोन जोड व पंचा. फरशी ओली व गार असते, म्हणून अंथरूण पांघरुणाहून महत्त्वाचे समजावे.

भांडी : माणशी एक ताट, वाटी, पेला, व घरास एक झाकणाची कळशी. अन्न मिळते, पण ते कशात घ्यावयाचे हा प्रश्न पहिल्या दिवशी सर्वांसच पडतो.

खाणे : पहिल्या दिवसाचे जेवण वेळेवर येईल असे धरू नये. दशम्या, भाजलेले शेंगदाणे, गूळ व चुरमुरे दोन दिवस पुरतील इतके असावे. तान्ह्या मुलासाठी वाटी व चमचा न्यावा; बाटली तेथे स्वच्छ ठेवता येत नाही.

स्त्रियांसाठी : मासिक पाळीचे कापड किंवा पॅड, जुने लुगडे आडोशासाठी व दोरी. ह्या गोष्टी मागण्याचा संकोच वाटतो, म्हणून त्या आपल्या गाठोड्यात असणेच बरे.

किरकोळ : विजेरी, मोबाईल भरण्याचे साधन, साबण, आगपेटी, कुलूप, व थोडी रोख रक्कम लहान नोटांत. पुरात बँका व पैसे देणारी यंत्रे बंद असतात, आणि मोठी नोट मोडून देणारा कोणी भेटत नाही.

५. छावणीत काय आढळेल

प्रथम हे सांगणे अवश्य आहे की, छावणीत जाणे म्हणजे कोणाच्या दारी भिक्षा मागणे नव्हे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ प्रमाणे आपत्तिग्रस्तांस निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार व स्वच्छता यांचे किमान प्रमाण ठरविलेले आहे. त्या प्रमाणात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला निदान तीन लिटर पिण्याचे पाणी व ३० माणसांमागे एक शौचकूप धरलेला आहे. साडेतीन चौरस मीटर म्हणजे सुमारे सहा फूट लांब व सहा फूट रुंद जागा. ह्या हिशेबाने वीस फूट रुंद व पंचवीस फूट लांब अशा शाळेच्या खोलीत १३ माणसे बसतात. परंतु पाणी वेगाने चढत असता आम्ही अशाच एका खोलीत ३० माणसे पाहिली आहेत. हक्क काय आहे हे माहीत असावे, आणि पहिले दोन दिवस तो पुरा होणार नाही हेही माहीत असावे. ज्यास हे आधी ठाऊक असते, तो चिडत नाही. तो नळाची रांग लावावयास उभा राहतो.

जेवण दोन वेळ येते व ते बहुधा खिचडी किंवा भात-आमटी असते. पथ्याच्या माणसाने आपली गोष्ट पहिल्याच दिवशी व्यवस्थापकास सांगावी. शौचकूपांची टंचाई ही सर्वांत मोठी अडचण होय. रात्री स्त्रियांनी एकट्याने जाऊ नये; दोघीतिघींनी मिळून जावे, व त्या वाटेवर दिवा लावून घेण्याचा आग्रह धरावा. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा क्लोरीनची गोळी टाकलेले असल्याखेरीज पिऊ नये. जुलाब सुरू होताच मीठ-साखरेचे पाणी सुरू करून वैद्यकीय पथकास कळवावे. लपवू नये, कारण एका खोलीतील आजार सगळ्या खोलीचा होतो. पुराच्या पाण्यातून चालताना पायास जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप होण्याचे भय असते. असा ताप आल्यास अंगावर काढू नये, व प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्या.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. छावणीत वीस एकरांचा मालक व त्याच्याच घरचा सालगडी ह्यांची अंथरुणे शेजारी शेजारी येतात. कित्येक खातेदारांस हे प्रथम जड जाते, व केवळ ह्या संकोचापायी घर न सोडलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. २०१९ साली आमच्या छावणीत एका बागायतदाराच्या घरची मंडळी पहिल्या दिवशी वेगळी खोली मागत होती. ती मिळाली नाही. त्याच रात्री त्यांच्या सुनेच्या तान्ह्या मुलास ताप भरला. तेव्हा त्यांच्याच शेतात खुरपणीस येणाऱ्या एका बाईने रात्रभर मुलास मांडीवर घेतले, व तिच्या मुलाने चिखलातून जाऊन परिचारिकेस बोलावून आणले. दुसऱ्या दिवशी वेगळ्या खोलीचा शब्द कोणी काढला नाही; उलट त्या घरच्या कारभाऱ्यांनी धान्य वाटपाचा हिशेब ठेवण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले. शेतकऱ्यास हिशेब, माणसे हाताळणे व कष्ट ह्या तिन्ही गोष्टी येतात. छावणीत नुसते बसून राहण्यापेक्षा त्यांचा उपयोग केल्यास दिवस लवकर जातात व सर्वांचेच भले होते.

६. नोंद व पंचनामा

छावणीत पोहोचताच आपले नाव नोंदणीपुस्तकात घालावे. येथे आमच्याच हातून घडलेली चूक सांगणे प्राप्त आहे. २००५ साली गर्दीच्या वेळी आम्ही एका मोठ्या घराची नोंद वडील भावाच्या एकाच नावावर केली व पुढे ‘माणसे १४’ असे लिहिले. वस्तुतः ते तीन भाऊ विभक्त होते व त्यांच्या शिधापत्रिका तीन होत्या. पुढे मदत शिधापत्रिकेनुसार देण्याचे ठरले, तेव्हा धाकट्या दोघांची नावे आमच्या पुस्तकात कोठेच नव्हती. त्यांस आपण छावणीत होतो हे शाबीत करण्यासाठी महिनाभर खेटे घालावे लागले. चूक आमची होती. त्रास त्यांस झाला. म्हणून प्रत्येक चुलीची नोंद वेगळी करून घ्यावी, प्रत्येक माणसाचे नाव, वय व येण्याची तारीख लिहिली आहे हे स्वतः वाचून पाहावे, व मगच सही करावी. कारकून घाईत असला तरी त्यास थांबवावे. त्यात त्याचा अपमान नाही.

पाणी ओसरल्यावर तलाठी (ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामपंचायतीचे अधिकारी व कृषी खात्याचे कर्मचारी मिळून पंचनामे करतात. त्यावेळी स्वतः हजर असावे. भिंतीवरील पाण्याची रेघ पुसू नये. पडलेली भिंत व बुडालेले पीक यांची छायाचित्रे साफसफाईपूर्वी काढावी. मृत जनावराची विल्हेवाट लावण्यापूर्वी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी करून दाखला घ्यावा. पंचनाम्यात गट नंबर, पीक व क्षेत्र बरोबर लिहिले आहे काय हे पाहावे. कोऱ्या कागदावर कधीही सही करू नये.

७. घरी परतताना

पाणी उतरले म्हणजे त्याच दिवशी घरी धावण्याची प्रवृत्ती असते. प्रथम एकदोन कर्त्या माणसांनी दिवसाउजेडी जाऊन पाहावे. मातीच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात व ओसरल्यावर ढासळतात. अडगळीत व माळ्यावर साप आश्रयास आलेले असतात, म्हणून काठीने आवाज करीत शिरावे. विजेची कळ तारतंत्र्यास दाखविल्याखेरीज लावू नये. विहीर उपसून तीत ब्लीचिंग पावडर टाकावी, व भिजलेले धान्य मोह सोडून टाकून द्यावे. म्हातारी माणसे व मुले ह्यांस घर वाळेपर्यंत छावणीत किंवा सोयऱ्याकडेच ठेवावे.

शेवटी आमच्या संघाच्या सभासदांस एक सूचना. मृगापूर्वी आपण नांगर, कुळव व बियाणे तपासून ठेवतो. त्याच दिवशी कागदांची पिशवी, औषधांचा डबा व कुट्टीची पोतीही तपासावी. गावोगावच्या शाखांनी आपल्या गावासाठी कोणती शाळा नेमलेली आहे हे तहसील कचेरीतून विचारून घ्यावे, ती एकदा जाऊन पाहावी, नळ व शौचकूप मोजावे, आणि गुरे कोठे बांधता येतील ती जागा मालकाच्या संमतीने ठरवून ठेवावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा दूरध्वनी क्रमांक घरातील मुलांसही पाठ असावा. इतके केले म्हणजे पूर टळेल असे नाही. परंतु खांबावरील जुन्या रेघेवर भरवसा ठेवून गोठ्यातील दावी बांधलेलीच राहिली, असे आपल्यापैकी कोणाच्याही घरी पुन्हा घडू नये, एवढ्याचसाठी हा लेख लिहिला आहे.